पिकअपचा ईसीएम: जुना लावून डेटा टाकला तर बिघडलं कुठे?

तुर्भे_लोडिंग

‘ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा) गेलाय’ असं मेकॅनिक म्हणाला की पिकअपवाल्याच्या पोटात गोळा येतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की दुसऱ्या दिवसापासून हे वाक्य गॅरेजागॅरेजात ऐकू येतं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: नवा मागवावा लागेल, वेळ लागेल, पैसे आधी भरा. तोवर गाडी उभी, ड्रायव्हरचा पगार चालू, बँकेचा हप्ता चालू, आणि मार्केटातला व्यापारी दुसऱ्याचा टेम्पो लावून मोकळा.

दुसरी वाट सगळ्यांना माहीत आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याच नंबरचा जुना डबा आणायचा, आपल्या बंद डब्यातला डेटा त्यात उतरवायचा, गाडी चालू. याला लोक ‘दोन नंबरचं काम’ म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. गाडी माझी, आरसी माझ्या नावावर, डेटाही माझ्याच गाडीचा. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. मग ईसीएमला हात लावला की आम्हीच चोर कसे?

विरोधी मत जरूर मांडा. प्रवचन नको.

घोडबंदर_त्रस्त

प्रवचन नाही, प्रश्न विचारतो. ज्या लॅपटॉपवर तुमचा डेटा ‘उतरवतात’ त्याच लॅपटॉपवर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात घालणारी यंत्रणा) बंद करून देतात की नाही? डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी) पोकळ करून देतात की नाही? गायमुखच्या चढावर पुढची पिकअप काळा ढग सोडते, तेव्हा डेटाचा मालक कोण याच्याशी मागच्या दुचाकीवाल्याला काय देणंघेणं?

दुरुस्तीला माझा विरोध नाही. पण आज चंचुप्रवेश, उद्या मुसळप्रवेश. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये हिशेब मांडला, तेव्हा आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची धूर रोखणारी यंत्रणा उडवलेली निघाली. ते सगळेही ‘गाडी माझी’ म्हणणारेच असतील.

भिवंडी_लाईन

साहेब, एकदा डीपीएफवाली भरलेली गाडी भिवंडीहून वाशी मार्केटला नेऊन दाखवा. माजिवड्याला रांग, कळवा नाक्याला रांग. डीपीएफ आतली काजळी जाळून स्वतःच साफ होतो म्हणे. त्यासाठी तो ६०० डिग्रीच्या आसपास तापावा लागतो, आणि तापायला गाडी सलग पळावी लागते. पळवू कुठे? काजळी अर्धवट जळते, जास्तीचं मारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं, आणि शेवटी लिम्प मोड, म्हणजे गाडी स्वतःच ताकद कमी करते. गाडी पुलावर रांगते आणि मागचे आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

मी डीपीएफची आतली जाळीच काढून टाकली. सोबत मॅपही, म्हणजे ईसीएममध्ये आकडे बदललेली फाइल, मारून घेतला. ॲव्हरेज वाढलं, पिकअप (गाडीची ओढ) वाढला, पीयूसी पास. आता बोला.

घोडबंदर_त्रस्त

पीयूसीचं कौतुक नका सांगू. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. ईजीआर बंद केला की धूर उलट कमी दिसतो, पण सिलिंडरमधलं तापमान चढतं आणि हा न दिसणारा वायू वाढतो. उन्हात त्याचाच ओझोन होतो. म्हणजे पास झालात ते मोजलंच नाही म्हणून.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) वाचा. १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने बाद.

भिवंडी_लाईन

ओव्हरलोडला २० हजार आणि वर टनामागे २ हजार आहे. तो दंड वाचून मार्केटात किती जणांनी गोणी कमी केल्या तेही सांगा.

बेंचवाला_कोपरी

दोघंही एका पोत्यात दोन माल भरताय. रोजचं काम हेच, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी हे लक्षात घ्या की ‘गेलेला’ म्हणून येणारे बरेच डबे गेलेलेच नसतात. स्कॅनर लावला की चार सेन्सरचे बिघाडाचे कोड एकदम येतात आणि मेकॅनिक निकाल देऊन टाकतो. अरे, चार सेन्सर एकाच वेळी कसे मरतील? त्यांना ईसीएममधूनच ५ व्होल्टचा सप्लाय जातो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली की अख्खी लाइन बसते. मल्टिमीटर लावून ठेवायचा आणि एकेका सेन्सरचं सॉकेट काढत जायचं. ज्याचं काढल्यावर काटा परत ५ वर येतो तो चोर. सगळी काढूनही येत नसेल तर वायर कुठे घासलीय ते शोधायचं. (हो, माझा मीटर अजून काट्याचाच आहे.) खर्च काय, एक सेन्सर, नाहीतर वीतभर वायर आणि टेप. नाहीतर मोठं सॉकेट उघडलं की पाण्याने पिना हिरव्यागार झालेल्या दिसतात. त्या साफ करूनही कितीतरी गाड्या चालू होतात. मात्र मागच्या हौद्याला वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढली नसेल तर डबा खरोखर जाऊ शकतो.

आता बदलायचाच झाला तर. बॉशचा डिझेलचा डबा असेल तर नंबर ०२८१ ने सुरू होतो, पण पुढचे आकडेही जुळायला हवेत. ‘दिसायला सेम आहे’ चालत नाही. जुन्यातून फ्लॅश आणि ईईप्रॉम या आतल्या दोन्ही मेमरी वाचून घ्यायच्या. चावीची ओळख आतच साठवलेली असते. नुसताच डबा बदलला तर स्टार्टर फिरतो आणि गाडी उचलत नाही. मग सिलिंडरमध्ये डिझेल मारणारे इंजेक्टर. प्रत्येकाच्या डोक्यावर अक्षरं-आकड्यांचा कोड कोरलेला असतो, कारण कारखान्यातून निघालेले दोन इंजेक्टर अगदी सारखं डिझेल कधीच सोडत नाहीत. तो कोड ज्याच्या त्याच्या सिलिंडरसमोर भरलेला लागतो. दुसऱ्या गाडीचे कोड तसेच राहिले की आयडलला गाडी थरथरते, ठोके देते, धूर मारते, आणि मालक म्हणतो कुर्ल्याचा माल खराब. जुन्याचा प्रोसेसरच जळाला असेल तर मात्र वाचायलाच काही उरत नाही.

मॅपचं काम यात येत नाही. भिवंडीदादा, तुमचा ‘पिकअप वाढला’ म्हणजे डिझेलचं प्रमाण, रेल प्रेशर (डिझेलचा दाब), टर्बोचं बूस्ट (हवेचा दाब) आणि टॉर्कची मर्यादा हे आकडे कोणीतरी वर सरकवले. कोणी, कुठे बसून, ते फाइल मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तो तयार फाइल विकत घेतो. बिघडलाच तर क्लच आणि टर्बो तुमचा.

महापे_ॲडव्हायझर

सर्व्हिस सेंटरवाल्याची बाजूही येऊ द्या. एक तर २०१४ चं ते प्रकरण कार कंपन्यांचं होतं, मालवाहू पिकअपचं नाही. दुसरं, बाजारातला जुना डबा कुठल्या गाडीतून निघाला? बिल मिळतं? चावीची ओळख एका डब्यातून दुसऱ्यात नेता येते, म्हणजे इमोबिलायझर (परक्या चावीने गाडी चालू न होऊ देणारं कुलूप) ओलांडता येतो. तेच टूल गल्लोगल्ली द्या म्हणताय. उद्या तुमचीच पिकअप रात्री नाक्यावरून गेली तर?

तुर्भे_लोडिंग

चोऱ्या होतात म्हणून किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान बंद करत नाही आपण, त्याच्याकडे नोंदवही ठेवायला लावतो. गाडी रीतसर स्क्रॅप झाल्याचा कागद आणि चॅसिस नंबर टाकलेलं बिल असल्याशिवाय डबा विकायचाच नाही, असा नियम करा. मी पहिला सही करतो. पण तुमच्याकडचे दर बघता ही काळजी चोरीची कमी आणि गल्ल्याची जास्त वाटते.

राहिला घोडबंदरवाल्यांचा मुद्दा, दुरुस्ती आणि छेडछाड ओळखायची कशी. त्याला यंत्राचंच उत्तर आहे. ईसीएममध्ये कॅलिब्रेशन आयडी, म्हणजे फाइलचा ओळख नंबर, असतो आणि त्याच्या जोडीला पडताळणीचा आकडा, सीव्हीएन. तो फाइलमधल्या आकड्यांवरून गणित करून निघतो. फाइल हुबेहूब उतरवली तर तोच येतो, मॅपला हात लावला तर बदलतो. कॅलिफोर्नियात जुलै २०२१ पासून धूर तपासणीत सॉफ्टवेअर मूळचं आहे का तेही बघतात. आपल्याकडे फिटनेसला लाइट आणि ब्रेक बघतात, तसा ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर लावा. माझी पास होईल, भिवंडीची नाही होणार.

भिवंडी_लाईन

वा, घरचे भेदी.

बेंचवाला_कोपरी

कल्पना चांगली आहे, पण जुना सीव्हीएनच दाखवत राहील अशी फाइल बनवणारेही बसलेत. शिवाय मूळ फाइलच साळसूद असते हे कोणी सांगितलं? २०१५ मध्ये धुराच्या चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर टाकल्याबद्दल फोक्सवॅगन सापडली. अमेरिकेत रॅम पिकअपच्या डिझेल इंजिनांवरून इंजिन बनवणाऱ्या कमिन्सने २०२४ च्या तडजोडीत १६७.५ कोटी डॉलर दंड कबूल केला. तिथे सीव्हीएन कंपनीचाच होता.

भिवंडी_लाईन

बघा! कंपनीने केलं तर तडजोड, आम्ही केलं तर कैद.

घोडबंदर_त्रस्त

तडजोडीत नुसता दंड नव्हता, सहा लाखांवर गाड्या परत बोलावून त्यांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं होतं. तुम्हीही तेवढं करा. मूळ फाइल टाकून घ्या.

भिवंडी_लाईन

मूळ फाइल मॅपवाल्याकडे आहे. तो फोन उचलत नाही.

बेंचवाला_कोपरी

डब्याच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो टाका, शोधतो. पण डीपीएफच्या आतली जाळी नसेल तर मूळ फाइल टाकल्यावर गाडी आधी त्याचाच कोड देईल. जाळी जपून ठेवलीय ना?

भिवंडी_लाईन

तीही मॅपवालाच घेऊन गेला. म्हणाला भंगारात जाते, मी टाकतो.

महापे_ॲडव्हायझर

त्यात प्लॅटिनम असतं, दादा.