शेवटी प्रेतं पडली म्हणजे शोकांतिका?

विंगेतला:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "शेवटी नायक मेला की झाली शोकांतिका. 'एकच प्याला' त्यातलंच, दारूविरोधी प्रचार." रात्रभर डोक्यातून जाईना. मरणावरच ठरायचं तर 'ईडिपस' या ग्रीक नाटकाचं काय? शेवटी तो जिवंत असतो, स्वतःचे डोळे फोडून घेतलेला. 'ऑरेस्टिया' ही ग्रीक नाट्यत्रयी तर न्यायनिवाडा होऊन समेटावर संपते, तरी ग्रीकांच्या लेखी ती ट्रॅजेडीच. घोळ आपल्या शब्दात आहे. 'शोकांतिका' म्हटलं की नजर अंतावर जाते. माणूस आपल्याच पायांनी तिथवर कसा जातो, ते बघायचं असतं. 'एकच प्याला'तला सुधाकर हुशार, मानी वकील. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळ जाते, ते त्याला सोसत नाही, आणि तळीराम प्याला पुढे करतो. दारू नंतरची. आधी तो मानीपणा.

गावभाग:
म्हणून तर समीक्षक 'शोकात्मिका' म्हणतात. शब्द आहे, तुम्ही वापरत नाही.

सुमती_के:
माझे वडील प्यायचे. मानीपणा वगैरे काही नव्हतं. पगाराच्या दिवशी आई मला गुत्त्याच्या दाराशी उभी करायची, पाकीट आधी माझ्या हाती यावं म्हणून. तुम्ही सुधाकराला मोठा करता आणि दळण दळून घर चालवणाऱ्या त्याच्या बायकोला, सिंधूला, कोपऱ्यात बसवता. तिचं 'कशि या त्यजू पदाला' हे पद लागलं की आई रेडिओ बंद करायची.

विंगेतला:
वाचून वाईट वाटलं. पण सिंधू चुकतच नाही, ती फक्त सोसते. निर्दोष माणसाचा नाश दाखवला तर कणव येत नाही, किळस येते, हे ॲरिस्टॉटलनेच म्हटलंय.

सुमती_के:
ॲरिस्टॉटल आमच्या घरी राहिला नव्हता! ती माहेरची मदत नाकारते, घर सोडत नाही. हे नुसतं सोसणं नाही, तिने ठरवलेलं आहे. तुमच्या सुधाकराचा मानीपणा, तशी हिची निष्ठा. त्यातच तिचं मूल जातं.

गावभाग:
आणि लोक टाळ्या देतात पदाला. 1919 साली बालगंधर्वांनी सिंधू केली, तेव्हापासून आपण तिचं गाणंच ऐकतोय.

विंगेतला:
गाण्याचा मुद्दा वेगळा, त्यात मला ओढू नका. सुधाकराबद्दल लिहिलं ते मागे घेणार नाही. पण निष्ठेचं म्हणता ते मला सुचलं नव्हतं, एवढं मान्य.

सुमती_के:
आईला सुचलं होतं. ती चौथी शिकलेली.