रात्री एक्सपोर्ट चालू असताना कॉम्प्युटर स्वतःच रीस्टार्ट होतो, अपडेट कायमचे बंद करू का?

चित्रफीत:
नमस्कार मंडळी. मी व्हिडिओ एडिटिंग करते. मोठ्या प्रोजेक्टचा एक्सपोर्ट (म्हणजे शेवटची व्हिडिओ फाइल बनवणं) दिवसा लावला की मशीनवर दुसरं काहीच करता येत नाही, म्हणून तो रात्री लावून झोपायचं. परवा असाच लावला आणि सकाळी बघते तर समोर लॉगिनची स्क्रीन. पासवर्ड टाकला, एडिटर बंद, ब्राउझर बंद, आणि आउटपुट फोल्डरमध्ये एक भलीमोठी एमपीफोर फाइल जी कुठल्याच प्लेअरमध्ये उघडेना. कोपऱ्यात नोटिफिकेशन की अपडेट इन्स्टॉल झालंय. क्लायंटला सकाळी द्यायचं होतं हो! अपडेटला माझा विरोध नाहीये, मला विचारलं असतं तर दुपारी खुशाल करू दिलं असतं, पण मशीन माझं, काम माझं आणि ते बंद कधी करायचं हे ठरवणार तिसराच कोणीतरी, हे डोक्यात जातं. वर टास्कबारवर मी न मागितलेलं एक नवीन बटण येऊन बसलंय ते वेगळंच. नेटवर लोक सांगतायत की अपडेटची सर्व्हिसच, म्हणजे अपडेट आणणारा मागे चालणारा प्रोग्रॅमच, डिसेबल करा, करू का?

जुना_खिळा:
ताई, राग अगदी रास्त आहे पण सर्व्हिस डिसेबल करू नका प्लीज. २०१७ चं वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो व्हायरस, आठवतंय ना? ज्या भोकातून ते शिरलं त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता आणि हल्ला झाला १२ मेला, म्हणजे जवळजवळ दोन महिने औषध हातात होतं तरी असंख्य मशीनवर ते घातलंच गेलं नव्हतं, ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. सक्तीमागचं कारण हेच आहे, लोकांवर सोडलं की लोक पुढे ढकलत राहतात. शिवाय बंद केलेली सर्व्हिस बऱ्याचदा सिस्टीम स्वतःच परत चालू करते, त्यामुळे त्याच्यावर विसंबूनही चालत नाही.

आज्ञावली:
वरचं सगळं मान्य, पण ते सिक्युरिटी पॅचबद्दल आहे. टास्कबारवरच्या बटणामुळे कोणता व्हायरस अडणार आहे? खरी गडबड इथेच आहे, दार दुरुस्त करायला आलेला माणूस जाताना घरातलं फर्निचर पण हलवून जातो, आणि मग पुढच्या वेळी आपण त्याला आत घ्यायला का-कू करतो. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून सक्ती केली की लोक दोन्ही बंद करायला बघणारच. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं तेव्हा काही जणांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्समधल्या फायली उडाल्या, मायक्रोसॉफ्टने ते थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून परत सोडलं. असं एकदा झालं की पुढची दहा अपडेट चांगली आली तरी माणूस बिचकतोच.
हे वेगळं करता येतं. उबुंटूत (लिनक्सचा एक प्रकार) आपोआप लागणारी अपडेट मुळात सिक्युरिटीचीच असतात आणि रीस्टार्ट आपोआप करायचं सेटिंग आधीपासून बंद असतं (स्नॅप म्हणजे उबुंटूतल्या एका वेगळ्या पद्धतीने बांधलेल्या ॲपची गोष्ट वेगळी, ती दिवसातून चारदा नवीन अपडेट आलंय का तपासतात, पण तिथेही आता होल्ड लावून ते थांबवता येतं). मॅकमध्येसुद्धा सिक्युरिटीच्या दुरुस्त्यांचं बटण वेगळं आणि अख्ख्या सिस्टीमच्या अपडेटचं वेगळं आहे.

चित्रफीत:
पण रीस्टार्ट लागतोच कशाला? ब्राउझर अपडेट होतो तेव्हा अख्खं मशीन थोडंच बंद पडतं.

जुना_खिळा:
विंडोजमध्ये जी सिस्टीम फाइल वापरात आहे ती सहसा चालू असताना बदलता येत नाही, म्हणून नवीन फाइल बाजूला ठेवतात आणि परत चालू होताना अदलाबदल करतात. लिनक्समध्ये फाइल लगेच बदलते, फक्त आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम जुनीच वापरत राहतात, पण कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बदलला तर तिथेही शेवटी रीस्टार्ट आलाच. रीस्टार्टशिवाय पॅच लावायचं तंत्र विंडोजमध्ये आता आहे, हॉटपॅच म्हणतात, त्याने वर्षाला १२ ऐवजी ४ रीस्टार्टवर काम भागतं, पण ते कंपन्यांच्या एंटरप्राइझ आवृत्तीला. घरच्या मशीनवर एकट्याने काम करणाऱ्याला ते मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्याच्याकडे आयटी डिपार्टमेंट नाही त्यालाच त्याची जास्त गरज आहे.

शांत_सर्व्हर:
तुम्ही कुठली सिस्टीम ते लिहिलं नाहीये, विंडोज असेल तर सांगतो. ॲक्टिव्ह अवर्स म्हणून सेटिंग आहे, त्या तासांत ते स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. पण ते ऑटोमॅटिकवर असेल तर तुम्ही मशीन कधी वापरता हे बघून तास ठरतात, म्हणजे रात्री कोणी हात लावत नाही म्हणजे मशीन रिकामं असं ते धरून चालतं, आणि तुमचा एक्सपोर्ट नेमका तेव्हाच. मॅन्युअल करा, जास्तीत जास्त १८ तास देता येतात, रात्र त्यात बसवा. मोठं काम लावायच्या आधी पॉज दाबा, ३५ दिवसांपर्यंत थांबवता येतं, नंतर मात्र साठलेलं लावावंच लागतं. प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या जास्तीच्या सेटिंगची खिडकी) 'लॉगिन असलेला युजर असताना ऑटो रीस्टार्ट नको' असं पण मिळेल, होममध्ये ती खिडकीच नाही. मासिक पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, तेव्हा त्या आठवड्यात स्वतःच वेळ काढून मोकळे व्हा.

आज्ञावली:
आणि ती फाइल उघडत नाही कारण एमपीफोरची अनुक्रमणिका साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते, मधेच तोडलं तर आतला डेटा असूनही प्लेअरला वाट सापडत नाही. लांब काम असेल तर इमेज सिक्वेन्समध्ये काढा, प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल, आणि नंतर जोडा. मशीन मधेच गेलं, लाइट गेली, काहीही झालं तरी जिथे तुटलं तिथून पुढे लावता येतं.

चित्रफीत:
इमेज सिक्वेन्सचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून थँक्यू. ॲक्टिव्ह अवर्स खरंच ऑटोमॅटिकवर होतं, बदललं आत्ता, सर्व्हिसला हात लावत नाही. तरी एक्सपोर्ट चालू असताना मशीन झोपू नये हे एडिटर सिस्टीमला सांगू शकतो, मग रीस्टार्ट करू नको हेही त्याला सांगता यायला काय हरकत आहे? फीडबॅकमध्ये हेच लिहून पाठवतेय, तुम्हाला पटत असेल तर तुम्हीपण लिहा.