१९६१ ची मँक्स नॉर्टन: इंजिन आणि फ्रेमचे नंबर जुळत नाहीत, घ्यावी का?

सिंगल_सिलिंडर:
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी एक ५०० सीसी मँक्स, म्हणजे नॉर्टनची शर्यतीची मोटरसायकल, समोर आली आहे. विकणारे गृहस्थ ती १९६१ ची आणि 'फॅक्टरीतून आली तशी' असल्याचं सांगतात. फोटो मागवले तर फ्रेमवर एक नंबर, क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या कवचावर) भलताच. टाकी, सीट, हँडल सगळं चकाचक. कागद म्हणाल तर दोन जुन्या विक्रीपावत्या. साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार, म्हणून विचारतो: नाद सोडू का?

तिसरा_गिअर:
सोडा. उद्या विकायला काढलीत तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारेल.

बेव्हल_शाफ्ट:
एवढ्यावरून सोडू नका हो. रस्त्यावरच्या गाडीचा नियम रेसच्या गाडीला लावला की घोळ होतो. लोक मँक्स शर्यतीत पिळायलाच घेत. इंजिन फुटलं की दुसरं चढवायचं आणि पुढच्या शर्यतीला हजर! उत्पादन १९६२-६३ च्या सुमारास थांबलं, तरी १९६९ मध्ये गॉडफ्रे नॅशने युगोस्लाव्हियाची ग्रां प्री शर्यत नॉर्टनवरच जिंकली. इतकं राबलेल्या गाड्यांत मूळ क्रँककेस कितींची टिकणार? नंबर वेगळे आहेत हे मला खटकत नाही. 'फॅक्टरीतून आली तशी' हा दावा खटकतो.

मी ही इंजिनं उघडतो, पण नजर आधी फ्रेमवर जाते. मँक्सची फेदरबेड फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळीची, सांधे ब्राँझने जोडलेले. सांध्यापाशी रंगाचा टवका उडाला असेल तर खाली पिवळसर धातू दिसतो. रोड मॉडेलची फ्रेम मँक्सची म्हणून खपवतात, म्हणून हे बघायचंच. वरच्या नळ्या सीटच्या पुढे गुडघ्यांपाशी आत घेतलेल्या असतील तर ती स्लिमलाइन. रोड मॉडेलना ती १९६० च्या सुमारास आली, मँक्सला कधीच नव्हती.

मग क्रँककेस. मूळची मॅग्नेशियमची. ओल लागली की त्यावर पांढरी भुकटी धरते, खाली धातू खड्डे पडून खाल्लेला असतो. ताजा जाड रंग दिसला तर खाली काय आहे ते विचारा. नंबराभोवतीची जागा बोटाने चाचपा. अंक आजूबाजूच्या ओतीव भागापेक्षा खोलगट, गुळगुळीत पट्ट्यावर असतील तर तिथे कानस फिरली आहे.

आणि एक. आज फ्रेमपासून इंजिनच्या माथ्यावरच्या कॅमबॉक्सपर्यंत सगळं नवं बनवून मिळतं. तशी गाडी ट्रॅकवर झकास पळते, तिला मी कधीच कमी लेखणार नाही. पण तिला १९६१ ची म्हणून पैसे मोजायचे नाहीत. त्या पावत्यांवर फ्रेम नंबर लिहिलाय का?

एरंडेल:
'सुरू करून दाखवतो' म्हणाले तर आधी विचारा, शेवटची कधी चालली आणि तेल कुठलं होतं. या इंजिनांत एरंडेलाचं तेल घालत. गाडी नुसती उभी राहिली की ते चिकट होऊन तेलाच्या वाटा बुजवतं. वर साधं खनिज तेल ओतलं असेल तर आणखीच वाईट, दोन्ही नीट मिसळत नाहीत. किक नाहीच, ढकलून सुरू करायची गाडी. तेल वर पोचायच्या आत कॅम खरवडले तर दुरुस्ती तुमच्या माथी.

सिंगल_सिलिंडर:
दोन्ही पावत्यांवर फ्रेम नंबर आहे आणि तो जुळतो! इंजिनचा कुठेच नाही. विचारल्यावर म्हणाले, आधीच्या मालकाने शर्यतीत क्रँककेस फोडली होती, त्याचं पत्र घरात आहे.

बेव्हल_शाफ्ट:
छान, मग बोलणी चालू ठेवा. पत्राची प्रत हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. जुना शर्यतीतला फोटो मिळाला तर फ्रेमवरच्या खुणा त्याच्याशी ताडून पाहा. आणि नव्या पावतीवर 'क्रँककेस बदललेली' असं दोन्ही नंबरांसकट लिहून घ्या. ते लिहायला त्यांनी का-कू केली तर मात्र तिसरा_गिअर म्हणतात तेच करा.