अनुभव धागा : पाय काढूनही न सुटणारे ब्रेक

ब्रेक लागत नसतील तर ते लगेच कळते; लागलेले ब्रेक पूर्ण सुटत नसतील तर मात्र तो दोष बराच काळ लपून राहतो. इंधन थोडे जास्त लागते, न्यूट्रलमध्ये गाडी लवकर थांबते, एखाद्या चाकापाशी जळका वास येतो, आणि पुष्कळदा नवे पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे चकतीला, दाबून धरणारे तुकडे) बसवून विषय संपवला जातो. काही दिवसांनी तेच चाक पुन्हा तापते. म्हणून ज्यांनी या दोषाचे मूळ शोधून काढले आहे, त्यांनी निदान कसे झाले ते येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. दोष कोणत्या चाकात होता, थंड असताना की तापल्यावर दिसत होता, आणि ब्रेक ऑइलचा दाब अडकला होता की एखादा भागच जाम झाला होता, एवढे तरी अवश्य यावे.

सुरुवात माझ्यापासून करतो. माझ्या गाडीचे पुढचे डावे चाक काही अंतर चालल्यावर धरू लागे आणि गाडी डावीकडे ओढली जाई. थोडा वेळ उभी ठेवली की सगळे सुरळीत होई. दोष हजर असतानाच मागच्या चाकांना ओट (चाक घरंगळू नये म्हणून अडसर) लावली, गाडी जॅकने उचलून स्टँडवर घेतली, चाक हाताने फिरत नाही याची खात्री केली आणि कॅलिपरवरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागावरचा, ब्लीडर (ऑइल बाहेर सोडण्याचा स्क्रू) किंचित सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले, म्हणजे कॅलिपरमध्ये दाब अडकला होता. ब्लीडर घट्ट करून, ब्रेक पुन्हा दाबून, या वेळी होजच्या (कॅलिपरला ऑइल पोचवणाऱ्या लवचिक नळीच्या) वरच्या बाजूचा पाइप सैल केला, तेव्हा चाक सुटले नाही. दोन्ही चाचण्यांच्या मधोमध फक्त रबरी होज होता. बाहेरून तो धडधाकट दिसत होता. आतले अस्तर सुटून ऑइलची परतीची वाट अडवत होते. पायाचा जोर मोठा असल्याने ऑइल पुढे ढकलले जाते, परत येताना मागे तेवढा जोर नसतो. होज बदलला, कॅलिपर तोच राहिला. ही चाचणी करताना डोळ्यांवर चष्मा हवा, कारण ऑइल गरम असते, आणि ते रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

— माझ्याकडे हीच चाचणी उलट उत्तर देऊन गेली. ब्लीडर उघडला तरी चाक जामच राहिले, म्हणून ऑइलच्या दाबाची शंका बाजूला ठेवून कॅलिपर उतरवला. आतला आणि बाहेरचा पॅड यांच्या जाडीत मोठा फरक होता आणि खालची स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) गंजून बसली होती. डिस्क ब्रेकला पॅड मागे ओढणारी वेगळी स्प्रिंग सहसा नसते. पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीचे चौकोनी काटाचे सील दाबाखाली किंचित वाकते आणि दाब गेल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाइतके मागे घेते. एवढ्या तुटपुंज्या हालचालीवर सारे अवलंबून असल्याने पिनेवरचा थोडा गंजही पुरतो. पिन साफ करून रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावले. साधे पेट्रोलियम ग्रीस तेथील रबर फुगवते, त्यामुळे ते टाळावे.

— एकच चाक धरत असेल तर वरील दोन्ही अनुभव लागू पडतात. माझ्या गाडीत चारही चाके धरत होती. प्रवास वाढेल तसे पेडल उंच आणि कडक होत जाई. अशा वेळी कॅलिपर उघडण्यात वेळ घालवू नये, मूळ वर, पेडलच्या बाजूला, शोधावे. पेडल पूर्ण सुटल्यावर मास्टर सिलिंडरमधले (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणाऱ्या भागातले) एक बारीक छिद्र उघडे राहते आणि तापून फुगलेले ऑइल त्यातून ब्रेक ऑइलच्या टाकीत परत जाते. ते छिद्र झाकलेले राहिले तर ऑइलचा फुगवटाच ब्रेक लावत राहतो. दोष हजर असताना इंजिन बंद केले, पेडल काही वेळा दाबून बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची) निर्वात पोकळी संपवली आणि मास्टर सिलिंडरचे नट सैल करून तो बूस्टरपासून थोडा पुढे सरकू दिला. चाके सुटली! दोष पुशरॉडच्या (बूस्टरकडून मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या दांड्याच्या) लांबीत होता; आधीच्या दुरुस्तीत नवा बूस्टर बसवताना ती जुळवली गेली नव्हती. ब्रेक लाइटचा स्विच पेडलला पूर्ण वर येऊ देत नसेल तरी हाच परिणाम होतो, म्हणून पेडलची मोकळी चाल सर्वात आधी तपासावी. नट सैल करूनही चाके सुटली नसती, तर मी टाकीच्या झाकणाचे रबर पाहिले असते. ते फुगलेले असेल तर ऑइलमध्ये खनिज तेल मिसळले गेल्याची दाट शंका घ्यावी. मग आतली सीलेही फुगतात आणि नुसते ऑइल बदलून भागत नाही.

— मागच्या चाकाच्या ड्रम ब्रेकमध्ये मला हँडब्रेकची केबल अडकलेली सापडली. चाकाजवळ केबल सोडवताच ते मोकळे फिरले. केबलच्या आवरणात पाणी शिरून गंज धरला होता.

— चाक उचलण्याआधी मी इन्फ्रारेड तापमापक वापरते. शक्यतो ब्रेक न दाबता गाडी चालवून, हळूहळू थांबून, एकाच अॅक्सलवरच्या दोन्ही डिस्कचे तापमान ताडून पाहते. दोन्हींत ठळक फरक असेल तर जास्त तापलेल्या बाजूकडे आधी पाहावे.

— धागा सुरू करणारा पुन्हा लिहितो. तापमानाचा विषय निघाला म्हणून एक भर घालतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरल्यानंतरची मर्यादा मात्र १५५° आहे. धरून राहिलेला ब्रेक ऑइलला उकळीपर्यंत नेऊ शकतो, आणि वाफ झाली की पेडल थेट खाली जाते. त्यामुळे वास किंवा धूर जाणवताच गाडी सुरक्षित जागी उभी करावी, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, आणि दुरुस्तीनंतर जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरावे.