चोकवर चालते, चोक सोडला की बंद पडते: जुन्या शंभर सीसी गाडीचा कार्बोरेटर

जांबोटीकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांची 2006 सालची शंभर सीसी चार-स्ट्रोक मोटारसायकल जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत गोठ्याच्या पडवीत उभी होती. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या चार महिन्यांतल्या ओलाव्याविषयी वेगळे सांगायला नको. भाताच्या सुगीआधी गाडी बाहेर काढली, तेव्हा चोक ओढून चौथ्या-पाचव्या किकला ती सुरू झाली. परंतु चोक सोडला की दहा-पंधरा सेकंदांत इंजिन बंद पडते. रेस धरून ठेवली तर गाडी नीट पळते आणि चढही चढते. मात्र वळणावर किंवा बसथांब्यापाशी रेस सोडली की लगेच बंद. एका मेस्त्रींनी कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडून धुतला आणि नवा प्लग घातला, त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे काहीही तक्रार नव्हती. आता पुन्हा तेच सुरू झाले आहे. नवा कार्बोरेटर घालावा असा सल्ला मिळाला असला, तरी दोष नेमका कुठे आहे हे समजल्याशिवाय खर्च करण्याची वडिलांची इच्छा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना मेस्त्री, निपाणी

आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे. रेसवर गाडी पळते, याचा अर्थ मेन जेट (रेसवर पेट्रोल देणारे बारीक भोकाचे पितळी नळकांडे), प्लग आणि करंट यांच्याविषयी तूर्त शंका घेण्याचे कारण नाही. रेस सोडल्यावर कार्बोरेटरमधला पिस्टन जवळजवळ खाली बसतो आणि मेन जेटमधून पेट्रोल ओढले जाण्याइतका हवेचा वेग तिथे उरत नाही. तेव्हा इंजिन केवळ स्लो जेटमधून येणाऱ्या पेट्रोलवर जिवंत राहते. चोक ओढल्यावर हवा कमी होऊन मिश्रण घट्ट होते, म्हणजे त्यातले पेट्रोलचे प्रमाण वाढते, आणि गाडी तग धरते. म्हणजेच स्लोवर (रेस न धरता इंजिन चालते तेव्हा) एक तर पेट्रोल कमी पडते आहे, किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे.

स्लो जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते, त्यामुळे धूळ किंवा गंजाचा एक कण ते बंद करायला पुरतो. ते मोकळे करण्यासाठी सुई किंवा पोलादी तार कधीही घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि भोक एकदा मोठे झाले की ते पूर्ववत होत नाही. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा वापरावा, कार्ब क्लीनर मारावा, आणि जेट उजेडासमोर धरून भोक पूर्ण गोल दिसते का ते पाहावे. जेटइतक्याच काळजीने कार्बोरेटरच्या अंगातली बारीक वाटही हवा मारून साफ करावी लागते; पुष्कळ ठिकाणी जेट धुतले जाते आणि ही वाट तशीच राहून जाते.

तथापि आपल्या लिहिण्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ते तीन आठवडे. साफ केल्यावर गाडी चालली, तर कार्बोरेटर निकामी झालेला नाही; त्यात घाण पुन्हा येते आहे. ती कुठून येते हे न शोधता नवा कार्बोरेटर बसवलात, तर तोही तितकेच दिवस चालेल. कार्बोरेटरच्या खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या पेल्यात घ्यावे, दहा मिनिटे स्थिर ठेवावे आणि तळाशी काय बसते ते इथे कळवावे.

उद्यमबाग

मेस्त्रीकाकांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. कार्बोरेटर आणि इंजिनाचे हेड यांच्यामधला इन्सुलेटर (उष्णता अडवणारा तुकडा) व ओ-रिंगही (हवा अडवणारी रबरी कडी) तपासावी. मी मशीन शॉपमध्ये काम करतो. दोन्ही नट हवे त्यापेक्षा जास्त आवळल्यामुळे कार्बोरेटरची फ्लँज (हेडकडे बसणारी सपाट कड) मधोमध वाकलेली मी अनेकदा पाहिली आहे. त्या फटीतून शिरणारी हवा रेसवर जाणवत नाही, पण स्लोवर तीच गाडी बंद पाडते. फ्लँज सपाट काचेवर ठेवल्यास ती डुलते का ते सहज कळते.

तसेच मिश्रणाचा स्क्रू फिरवण्यापूर्वी तो कोणत्या बाजूला आहे हे अवश्य पाहावे. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू असतो आणि बाहेर काढल्यावर मिश्रण पातळ होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचे प्रमाण ठरवतो आणि बाहेर काढल्यावर मिश्रण घट्ट होते. हा फरक ठाऊक नसल्यामुळे उलट दिशेने फिरवून हैराण झालेली माणसे मला वारंवार भेटतात. मूळ स्थिती किती फेऱ्यांवर होती हे आधी लिहून ठेवावे.

खडेबाजार

पेट्रोलविषयीही थोडे लिहिणे आवश्यक वाटते. फेब्रुवारी 2023 पासून देशात 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने येऊ लागले. ऊस पिकवणाऱ्या आपल्या बेळगाव जिल्ह्याला इथेनॉलचा आधार आहे आणि त्याला माझा मुळीच विरोध नाही. परंतु उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीसाठी त्याचा एक गुण जाणून घ्यायला हवा. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) नेमका तळातूनच पेट्रोल घेतो. याखेरीज 1 भाग पेट्रोल जळण्यास सुमारे 14.7 भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे 9 भाग पुरते. म्हणून जुन्या सेटिंगवर नव्या पेट्रोलचे मिश्रण थोडे पातळच पडते.

जांबोटीकर

सर्वांचे मनापासून आभार. पेल्याच्या तळाशी बोटभर पाण्याचा थर आणि त्याखाली तांबूस गाळ बसला. वाटीच्या आत पांढरी पूड धरली होती. टाकी रिकामी करून टॉर्चने पाहिले, तर आतला मागचा भाग गंजलेला आहे, आणि कॉकवरची जाळी एका बाजूने फाटलेली निघाली. फ्लँज सपाट आहे, ओ-रिंग मात्र दगडासारखी कडक झाली होती, म्हणून ती बदलली. टाकीतला गंज घरच्या घरी काढता येईल का?

जुना मेस्त्री, निपाणी

गंजाने टाकीला भोके पडली नसतील, तर काढता येईल. कॉक काढून ते तोंड बुचाने बंद करावे, टाकीत मूठभर नट-बोल्ट आणि थोडे पाणी घालून ती चांगली हलवावी, आणि ते सर्व ओतून टाकल्यावर लिंबूफुलाचे (सायट्रिक ॲसिडचे) गरम पाणी भरून रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, उन्हात पूर्ण कोरडी करून, लगेच थोड्या पेट्रोलने आतून खंगाळावी; कोरडा पत्रा उघडा राहिला तर त्यावर काही तासांतच पुन्हा गंज धरतो. हे काम उघड्यावर आणि चुलीपासून दूर करावे. कॉकची जाळी नवी घालावी, कॉक आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये लहान फिल्टर बसवावा, आणि टाकीच्या झाकणाचे रबर बदलावे, कारण पावसाचे पाणी बहुधा तिथूनच गेले असावे. स्लोचा स्क्रू इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच लावावा.

जांबोटीकर

आपण सांगितल्याप्रमाणे सर्व केले. जुनाच कार्बोरेटर पुन्हा धुवून बसवला आहे. आज सकाळी वडील खानापूरला जाऊन आले, आणि परतल्यावर चोक न ओढता गाडी अंगणात पाच मिनिटे स्लोवर उभी राहिली. महिन्याभराने वाटीतले पेट्रोल पुन्हा पेल्यात घेऊन पाहीन आणि काय दिसते ते इथेच लिहीन.