अण्णांच्या नऊ वह्या

बी-२०३, सकाळी ७:१२
सुप्रभात. काल संध्याकाळी मोदकपात्र परत द्यायला ए-१०२ मध्ये अण्णांकडे गेले आणि दोन तास तिथेच बसले. अण्णांनी नातवाकडून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढून घेतली. आत नऊ फुलस्केप वह्या. मुंबईत नोकरीला असल्यापासून टीव्हीवर पाहिलेल्या प्रत्येक गाण्याच्या कार्यक्रमाची नोंद त्यात आहे. वार, तारीख, वेळ, कोण गायलं, कुठलं पद, राग कोणता, ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण. शेवटच्या रकान्यात अण्णांचा शेरा. एके ठिकाणी लिहिलंय, 'दुसऱ्या अंतऱ्याला चाळीतला फ्यूज उडाला.'

आपण सहा-सात जण गेली दोन वर्षं सह्याद्री वाहिनीला पत्रं लिहितोय की जुन्या नाट्यसंगीताचे कार्यक्रम परत दाखवा. काल त्या वह्या चाळताना मला आपली चूक कळली. आपण लिहितो, 'जुन्या दिग्गजांचे दुर्मीळ कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित करावेत.' वाचनालयात जाऊन 'एखादं चांगलं पुस्तक द्या' म्हणण्यातलाच हा प्रकार. तारीख नाही, कार्यक्रमाचं नाव नाही, कलाकार नाही. समोरच्या माणसाने कपाटात शोधायचं तरी काय?

आता आपल्याकडे तारखा आहेत. मला या वह्या टंकून काढायच्या आहेत आणि त्यासाठी माणसं हवी आहेत.

ए-१०२ अण्णा, ७:३१
वही क्र. ४ ला वाळवी लागली होती. पहिली बारा पाने गेली. बाकी वाचता येते.

सी-१०१, ७:४०
ताई, मी येतंय. माका सगळा आठवता. मालवणाक आमच्या घरात टीव्ही इलो तेव्हा अँटेना माडार बांधलेली. वारो इलो काय चित्र गेला. मगे भाऊ माडार चढान अँटेना फिरवी आणि आमी खालसून वराडू, "इला, इला, आता रव तसोच!" आजयेन एकदा अभिषेकीबुवांका असाच बघलेला, अर्धा गाना मुंगये आणि अर्धा बुवा.

ए-३०१, ८:०२
ताई, तुमची तळमळ समजते, पण एक शंका. आता यूट्यूबवर सगळंच मिळतं. प्रसार भारतीच्या संग्रहाचं स्वतःचं चॅनेल आहे, मी स्वतः ऐकतो. मग टीव्हीवर परत दाखवा हा आग्रह कशाला?

सचिव, ८:०५
मध्येच बोलतो, माफ करा. बी विंगची मोटर दुरुस्तीला गेली आहे, अकरापर्यंत पाणी जपून वापरा. चर्चा चालू द्या.

बी-२०३, ८:३८
दादा, शंका रास्त आहे. ते चॅनेल मीही बघते आणि तिथे जे काम चाललंय त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे. डीडी भारतीवरही जुन्या मैफली लागतात. पण माझं म्हणणं दोन गोष्टींसाठी आहे.

एक, बघणारा कोण. माझी आई गावी असते, वय ८४. तिच्याकडे फ्री डिश आहे, एकदा छत्री बसवली की महिन्याचे पैसे नाहीत. पावसात तिकडे मोबाइलची रेंज खळ्यात उभं राहिलं तर मिळते. तिला यूट्यूब लावून देणारं घरात कोणी नाही. पण शनिवारी रात्री साडेआठला अमुक कार्यक्रम आहे म्हटलं की ती आठ वाजता जेवण उरकून, शेजारच्या दोघींना बोलावून टीव्हीसमोर बसते. ज्यांनी हे गाणं मुळात ऐकलं, त्यातले बरेच जण आज असे आहेत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. यूट्यूबवर पाच मिनिटांचं पद येतं, पण कार्यक्रम होता अर्ध्या तासाचा. गायकाने पदाआधी दोन वाक्यं सांगितलेली असतात, हे पद कुणाकडे शिकलो, मूळ चाल कशी होती, आपण कुठे बदल केला. ती दोन वाक्यं कापली जातात. ऑर्गनवाल्याचा चेहरा कापला जातो. नाट्यसंगीतात ऑर्गनवाला काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. गायकाने जागा, म्हणजे सुरांचं एखादं खास वळण, घेतली की तो मागून तीच जागा हातात धरून ठेवतो. अण्णांच्या वहीत अशा साथीदारांची नावं आहेत जी मी दुसरीकडे कुठेही वाचलेली नाहीत. (नावं इथे लिहीत नाही, आधी ताडून घेऊ.)

संगीत रंगभूमीवरचे रामदास कामत आणि कीर्ती शिलेदार, दोघंही जानेवारी २०२२ मध्ये गेले. एका महिन्यात. म्हापशाचे कामत, आपल्याच किनाऱ्याचे. यांना समोर ऐकलेली आपली शेवटची पिढी. पुढच्यांसाठी आता फक्त टेप.

सी-२०४, ८:५५
काकू, बाहेर हे झालेलं आहे. बीबीसीचा टॉप ऑफ द पॉप्स हा गाण्यांचा कार्यक्रम १९६४ ला सुरू झाला आणि २००६ पर्यंत चालला. सुरुवातीच्या वर्षांचे बरेचसे भाग त्यांनी स्वतःच पुसले, कारण टेप महाग होती आणि तीच परत वापरायची. २०११ पासून बीबीसी फोर वाहिनीवर १९७६ चे भाग क्रमाने दाखवायला लागले आणि मग वर्षामागून वर्ष पुढे सरकत गेले.

त्यातलीच एक गोष्ट. इंग्लिश गायक डेव्हिड बोवी जानेवारी १९७३ मध्ये तिथे गायला होता. ती टेप पुसली गेली होती. पण त्या दिवशी कॅमेऱ्यावर असलेल्या जॉन हेन्शॉल यांनी स्वतःसाठी एक प्रत करून घेतली होती. ती २०११ मध्ये पुढे आली, जवळजवळ ३९ वर्षांनी. त्यांच्या घरी ती होतीच, पण दुसरीकडे कुठे ती उरलेली नाही हेच त्यांना माहीत नव्हतं.

बी-२०३, ८:५९
हे शेवटचं वाक्य सगळ्यांनी परत वाचा. आणि मग आपापल्या घरातले माळे उघडा.

ए-१०२ अण्णा, ९:२०
मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळी. पुढच्या वर्षी पुण्याला सहक्षेपण केंद्र, म्हणजे मुंबईचेच कार्यक्रम पुढे पोचवणारे. आपल्याकडे कोकणात सह्याद्रीचे डोंगर आणि दऱ्या, चित्र यायला फार वर्षे लागली. म्हणून रत्नागिरीत जे म्हणतात आम्ही पाहिले, ते नंतरचे. सुरुवातीचे पाहिले ते मुंबईतल्या चाकरमान्यांनी. आमच्या चाळीत एका खोलीत टीव्ही होता, दारात चपलांचा ढीग. 'शब्दांच्या पलीकडले' लागले की जिन्यात माणसे. मुलाखतीसाठी 'प्रतिभा आणि प्रतिमा'.

काही कार्यक्रम थेट होत. ते चित्रमुद्रित झालेच नसतील तर कुठेच नाहीत. टेप पुसून परत वापरणे आपल्याकडेही होते. म्हणून माझ्या वहीतले सगळे सापडेल असे धरू नका. पण वहीत नोंद आहे याचा अर्थ ते घडले.

बी-१०१, १०:१५
आत्ता कोर्टातून मोकळा झालो, वाचलं सगळं. हक्कांचा प्रश्न कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणजे त्यांच्या पदांवरचा हक्क २००८ च्या अखेरीस संपला. किर्लोस्कर, देवल, गडकरी त्याआधीच मोकळे. विद्याधर गोखले १९९६ ला गेले, त्यांचा अजून आहे. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेचा हक्क २५ वर्षं, सादर करणाऱ्या कलाकाराचा ५० वर्षं. म्हणजे पद मोकळं असलं तरी गायक-वादकांचं सादरीकरण वेगळं धरायचं, आणि त्यांच्याशी काय करार झाले होते ते वाहिनीलाच ठाऊक.

यातून करायचं एवढंच की पहिल्या यादीत 'सौभद्र', 'मानापमान', 'स्वयंवर' अशा जुन्या नाटकांच्या पदांचे कार्यक्रम घ्या. समोरच्याची एक अडचण आपण आधीच कमी केलेली असते.

ए-३०१, १०:२२
वकीलसाहेब, माहिती अधिकारात विचारता येईल का?

बी-१०१, १०:३०
येईल. प्रसार भारती केंद्राच्या अखत्यारीत आहे, अर्ज ऑनलाइनही जातो. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, आणि कारण सांगावं लागत नाही. पण कायदा असलेली माहिती देतो, नवीन तयार करून देत नाही. 'नाट्यसंगीताचे किती कार्यक्रम झाले' असं विचारलंत तर संकलित माहिती नाही असं उत्तर येऊ शकतं. 'अमुक तारखेला प्रक्षेपित झालेल्या अमुक कार्यक्रमाचं मुद्रण संग्रहात आहे का, असल्यास कुठल्या स्वरूपात' असं विचारा. इथेच अण्णांची वही कामाला येते. भांडणाच्या सुरात मात्र लिहू नका. तिथे संग्रह सांभाळणारी माणसं आपल्याच बाजूची असतात.

बी-२०३, १०:४१
हे फार मोलाचं. पत्रही त्याच सुरात लिहू. २८ मार्च २०२० ला दूरदर्शनवर रामायण परत लागलं ते लोकांनी मागितलं म्हणूनच. मागणीला उत्तर मिळतं, हे आपण घरात बसून पाहिलंय.

ए-२०३ काकू, ११:०५
माझ्याकडे यांनी रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस कॅसेट आहेत, चौदा. लेबलावर यांच्या अक्षरात 'नाट्यगीते', 'गोवा, संगीत सभा' असं काही काही आहे. हे गेल्यापासून उघडल्याच नाहीत. दोन वर्षांपूर्वी एक कॅसेट शहरातल्या एका दुकानात सीडी करायला दिली होती, ती आत गुंडाळली जाऊन तुटली. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. त्यानंतर कुणाला द्यायचा धीर झाला नाही.

बी-२०३, ११:०९
काकू, कुणालाही देऊ नका. मी दुपारी येते, नुसतं बघायला.

सी-२०४, ११:२६
काकू, मी पुण्यात असताना एका मित्राबरोबर हे काम केलंय, म्हणून थोडं सांगतो. कॅसेटच्या काचेतून आतल्या रिळाकडे बघा. कडेला पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालायची नाही. टेप फाटते, आणि बुरशी मशीनच्या हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. तुमची कॅसेट कदाचित अशीच गेली असेल.

आपल्या हवेचा त्रास दुहेरी आहे. बुरशी तर येतेच, शिवाय टेपवरचा चुंबकी थर ज्या गोंदाने चिकटवलेला असतो तो काही प्रकारच्या टेपमध्ये ओल शोषून चिकट होतो. स्टुडिओतल्या टेपांनाही हा रोग होतो. तिथे त्या मंद उष्णतेवर कित्येक तास सुकवतात आणि मग एकदाच चालवून नक्कल करतात. घरी हे करून बघू नका.

सध्या एवढंच करा. कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. भिंतीला लागून नको, ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पाठीमागचा प्लास्टिकचा छोटा कान मोडून टाका म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. पाऊस संपेपर्यंत एकही चालवायची नाही. घाई आहे हेही खरं, कारण व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. आहेत ती मशीन जुनी आणि सुटे भाग मिळत नाहीत. दिवाळीनंतर मित्राचं मशीन इथे आणतो, तुमच्या घरी, तुमच्यासमोर करू.

ए-२०३ काकू, ११:४०
माझ्यासमोर असेल तर चालेल.

सचिव, १२:०२
मोटर बसली, पाणी आलंय. आणि कॅसेट-वह्यांसाठी क्लब हाऊसमधलं लोखंडी कपाट रिकामं करून देतो. समितीतल्या दोघांशी बोललो, कुणाची हरकत नाही.

बी-२०३, दुपारी १:१५
सचिव दादा, खूप आभार.

वाटणी अशी करू या. वही १ आणि २ माझ्याकडे. ३ आणि ४ सी-१०१ वहिनींकडे, वाळवीची पानं त्या नीट हाताळतील. ५ ते ७ ए-३०१ दादांकडे, चालेल ना? ८ आणि ९ सी-२०४. अर्जाचा मसुदा बी-१०१. वह्या घराबाहेर न्यायच्या नाहीत, प्रत्येक पानाचा फोटो काढून त्यावरून टंकायचं. गणपतीला मुंबईहून माणसं येतील तेव्हा त्यांनाही विचारायचं, कुणाच्या घरी अशी नोंद, कॅसेट, वर्तमानपत्रातलं कार्यक्रमाचं कात्रण आहे का. पहिल्या पत्रात पाचच कार्यक्रम मागू. पन्नास मागितले की एकही मिळत नाही.

ए-३०१, १:२२
चालेल. सकाळी उगाच शंका काढली असं वाटतंय.

बी-२०३, १:२४
नाही दादा, त्या शंकेमुळेच मला नीट सांगता आलं.

सी-१०१, १:५०
अण्णांचे शेरे पण टंकूचे? का नुसती माहिती?

ए-१०२ अण्णा, २:०५
शेरे नकोत. ते माझ्यापुरते होते.

बी-२०३, २:०८
अण्णा, शेरे हवेत. एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय, 'आज तान घेतली नाही, आवाज बसला होता, पण शब्द असे टाकले की तान नको वाटली.' हे दुसरं कोण सांगणार? फार तर पत्रात घालणार नाही, पण टंकून ठेवू.

ए-१०२ अण्णा, २:३०
बरे. मग एक मागणे आहे. वही ३, पान ४१. फ्यूज उडाला तो कार्यक्रम. दिवे आले तोवर बातम्या लागल्या होत्या. पुढे काय गायले ते कळले नाही. पाचात तो घाला.

बी-२०३, २:३१
तो पहिला.