मदत हवी आहे: देवाची ओढ उपजत असेल, तर कृपा हे देवाने फेडायचं 'देणं' होत नाही का?

कॅथलिक ईश्वरविज्ञानातल्या एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

तेराव्या शतकातले ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनस म्हणतात, कृपा (म्हणजे देवाने आपणहून, फुकट दिलेलं दान) मानवी स्वभाव मोडीत काढत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते. इथवर ठीक. पण त्यांच्याच मते बुद्धीला प्रत्येक गोष्टीचं मूळ कारण जाणायची ओढ असते, ती देवाचं साक्षात दर्शन झाल्याशिवाय शमत नाही, आणि ते दर्शन स्वबळावर मिळत नाही. मग ज्याने भूक लावली तो अन्न द्यायला बांधील नाही का? बांधील असेल, तर कृपा फुकटची कशी?

काजेतान या सोळाव्या शतकातल्या अक्वायनस-भाष्यकाराच्या परंपरेतलं उत्तर वाचलंय: माणसाला त्याच्या आवाक्यातलं वेगळं नैसर्गिक ध्येय असू शकलं असतं. तर्क बिनचूक आहे, पण त्यात कृपा वरून चढवलेल्या मजल्यासारखी वाटते. फ्रेंच ईश्वरविज्ञानी आंरी द ल्युबाक यांनी १९४६ साली नेमका यावरच हल्ला केला. पुढे १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी बजावलं की, देव बुद्धिमान जीवांना या दर्शनासाठी न बोलावता निर्माणच करू शकत नाही, असं म्हणणं चूक आहे.

ऑगस्टिन-पेलेजियस वाद (पापात पडलेल्या माणसाला कृपेची गरज किती, यावरचा) आणि त्याच विषयावरची ५२९ ची ऑरेंजची चर्च-परिषद माहीत आहे, त्यामुळे कृपया मूळ पापाकडे (आदामापासून सगळ्यांना लागलेल्या पापाकडे) वळू नका (तिकडे चर्चा हमखास भरकटते). माझा प्रश्न पतनाआधीच्या, म्हणजे ते पाप घडण्याआधीच्या माणसाचा आहे.

'वेगळं नैसर्गिक ध्येय' न मानता, केवळ ल्युबाक यांच्या भूमिकेतून देव बांधील ठरत नाही, हे नेमकं कसं दाखवतात?